दारातली वायर कुठून जाते?

दोस्तांनो, मोटारीचं दार पूर्ण उघडा आणि बिजागरीपाशी वाकून बघा. दार आणि गाडीच्या मध्ये घड्या पडलेली एक काळी रबरी नळी दिसते का? जुन्या जीपला ती नसायची, कारण तिच्या दारात वीजच नव्हती. आताच्या दारात काचेची मोटर, कुलपाची मोटर, स्पीकर असं बरंच काही दडलेलं असतं. या सगळ्यांची वीज त्या नळीतून जाते.

कारखान्यात हे काम यंत्रं आणि माणसं मोजून-मापून करतात. पण स्वतःच गाडी बांधली तर? सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या (हो, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव!) दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी! २०२१च्या डिसेंबरात ती देशभर गाजली आणि २०२२मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. ही गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं होतं बरं का.

अशी गाडी बांधताना इंजिन, चाकं आधी सुचतात. दाराचं वायरिंग शेवटी आठवतं आणि घोळ तिथंच होतो.

हिशेब करा. दार रोज दहा वेळा उघडलं-मिटलं, तर वर्षाला ३६५० वेळा. तितक्याच वेळा आतली वायर वाकते आणि सरळ होते. तांब्याच्या एकाच जाड तारेचा तुकडा घेऊन एकाच जागी वाकवत राहा, थोड्याच वेळात तुटेल. म्हणून इथं बारीक तारांच्या जुडग्याची वायर वापरतात, ती जरा सैल सोडतात आणि नळीच्या आत सांधा कधीच देत नाहीत.

तुटली तर काच चालणार नाही, एवढंच. सोलली गेली तर मात्र कठीण! गाडीत बहुतेक ठिकाणी परतीची वेगळी वायर नसते, पत्र्याचं अंगच परतीचा रस्ता असतं. पत्र्याच्या भोकाची कड सुरीसारखी असते. तिथं रबरी कडं बसवलं नाही, तर वायरीचं आवरण घासून जातं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकतं. काचेच्या मोटरला १० अँपिअर लागतात असं धरा, म्हणजे १२ व्होल्टवर १२० वॅट. पण असं शॉर्ट झालं की बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते! वायर तापते, सीटचं कापड पेटतं. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जवळच हवा. बॅटरी ते फ्यूज एवढ्या वायरीला दुसरं कुणी राखणदार नसतं ना!

पालकांनो, १२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, हे खरं. पण बॅटरीच्या दोन टोकांत पाना अडकला तर तो क्षणात तापून चटका देतो. तेव्हा हिंगोलीतल्या गॅरेजात असो की घराच्या अंगणात, आधी बॅटरीची वायर काढायची, मगच दाराला हात.

आणखी दोन गोष्टी बघून घ्या. काच वर नेणारं बटण ओढायचं असावं, दाबायचं नको. लहान भावाचा गुडघा पडला आणि काच वर सरकली, तर बोटं किंवा मान अडकते. दुसरं म्हणजे, बॅटरी मेली तरी आतून दार हातानं उघडलंच पाहिजे. नुसत्या विजेच्या कुलपावर भिस्त ठेवायची नाही.

पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दारात शिरतंच. ते खालच्या भोकांतून बाहेर जातं, ती भोकं बुजवू नका.

पण एकच मोटर काच वर आणि खाली दोन्ही कशी नेते? खेळण्यातली छोटी मोटर आणि टॉर्चचा एक सेल घ्या. मोटर फिरवा. आता सेल उलटा लावा. फिरण्याची दिशा बदलली? दारातलं बटण हेच करतं, सेल न काढता!