पेशीतील संदेशाचा विराम : पटकीच्या विषाच्या अनुषंगाने

शरीरातील प्रत्येक पेशी भोवतालच्या द्रवातून येणारे रासायनिक संदेश सतत ग्रहण करीत असते. यांतील अनेक संदेशवाहक रेणू पाण्यात विरघळणारे असल्याने मेदयुक्त पेशीपटल ओलांडू शकत नाहीत. तरीही त्यांचा परिणाम पेशीच्या अंतर्भागात होतो. या प्रक्रियेचे विवेचन वर्गात बहुधा संदेश पोहोचण्यापाशी संपते. पोहोचलेला संदेश थांबतो कसा, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पटकी अर्थात कॉलरा या रोगाच्या आधारे तो विशेष स्पष्ट होतो.

अॅड्रेनॅलिन हे संप्रेरक यकृतातील पेशीच्या आत न जाताच तेथील ग्लायकोजेनचे विघटन घडवून आणते. १९५० च्या दशकात अर्ल सदरलँड यांनी या क्रियेमागील अंतर्गत दूत शोधला. तो म्हणजे सायक्लिक एएमपी. या कार्याबद्दल त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीपटलावरील ग्राही प्रथिन आणि सायक्लिक एएमपी तयार करणारे अॅडेनिलिल सायक्लेज हे विकर यांच्यामध्ये आणखी एक दुवा असतो, हे पुढे मार्टिन रॉडबेल व आल्फ्रेड गिलमन यांनी दाखविले. त्यांना १९९४ मध्ये नोबेल मिळाले. हा दुवा म्हणजे जी-प्रथिन.

विरामाची किल्ली याच प्रथिनापाशी आहे. विश्रांत अवस्थेत त्याला जीडीपी हा रेणू चिकटलेला असतो. संदेशवाहकाने ग्राहीला स्पर्श करताच जीडीपीची जागा जीटीपी घेतो, प्रथिन सक्रिय होते आणि विकराला चालना देते. परंतु हे प्रथिन स्वतःच जीटीपीचे जलविघटन करून त्याचे जीडीपीत रूपांतर करते व पूर्वस्थितीत येते. म्हणजे संदेश बंद करण्याची सोय संदेश वाहणाऱ्या घटकातच आहे. पाठ्यपुस्तकांतील आकृत्यांत या टप्प्याला एखादा लहानसा बाण मिळाला तरी पुष्कळ!

हा बाण पुसला गेला तर काय होते, ते पटकीत दिसते. जीवाणूच्या विषाचे पाच ब-घटक आतड्याच्या पेशीपटलावरील जीएम-१ या मेदरेणूला चिकटतात आणि अ-घटक पेशीत शिरतो. तो जी-प्रथिनाच्या सक्रिय भागाला एडीपी-रायबोज जोडून त्याची जलविघटनक्षमता नष्ट करतो. ग्राहीवर संदेशवाहक नसतानाही विकर चालूच राहते, सायक्लिक एएमपीची पातळी वाढते, क्लोराइडचे मार्ग उघडतात आणि क्लोराइडपाठोपाठ सोडियम व पाणी आतड्याच्या पोकळीत ओतले जाते. तीव्र रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत द्रव जाऊ शकतो. येथे पेशी नष्ट होत नाही, आतड्याला व्रणही पडत नाहीत. केवळ एक संदेश थांबत नाही.

रोगाचे कारण जीवाणूने स्रवलेले विष आहे, हे १९५९ मध्ये कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी सिद्ध केले. सशाच्या आतड्याचा दोन्ही बाजूंनी बांधलेला तुकडा घेऊन त्यात जीवाणूविरहित गाळीव द्रव सोडला असता तो पाण्याने फुगला. प्रयोगाचे साधन इतके साधे होते. सदरलँड यांचे संशोधन साधारण याच काळातील. दोन्ही धाग्यांची गाठ पुढे १९७० च्या दशकात पडली. डे यांच्या वाट्याला हयातीत पुरेसा सन्मान आला नाही, ही खंत मात्र राहते.

बिघडलेले जी-प्रथिन दुरुस्त करता येत नाही. आतड्याच्या पेशी गळून त्यांच्या जागी नव्या येईपर्यंत, म्हणजे काही दिवस, रुग्णाला जगवावे लागते. त्यासाठी एक मार्ग शाबूत असतो. ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषणारे वाहक प्रथिन या विषाने बाधित होत नाही. मीठ व साखर यांच्या जलसंजीवनीचा आधार हाच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत शिरेवाटे द्यायचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण पिंपांतून उपलब्ध करून दिले व रुग्णांच्या नातेवाइकांकरवी ते पाजविले. तेथील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले.