थेंबभर पेट्रोल, आठ हजार फेरे

मारुती जिप्सीच्या इंजिनाचा पिस्टन तळहातावर आरामात बसतो. व्यास ७४ मिलिमीटर. रिंगा आणि गजन पिन धरून वजन पाव किलोच्या जरा पुढेमागे. रॅलीसाठी बांधलेल्या इंजिनात हाच पिस्टन मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या वेगाने पळतो, तेव्हा एका सेकंदात तो २६६ वेळा पूर्ण थांबतो आणि उलट दिशेला सुटतो. वरच्या टोकाला त्याला आवरून खाली खेचायला कनेक्टिंग रॉडला जवळजवळ एक टनाचा हिसका द्यावा लागतो. पाव किलोच्या वस्तूला एक टनाचा हिसका, तोही सेकंदाला १३३ वेळा! आणि गाडीवाल्याची माफक अपेक्षा अशी, की हे सगळं सोसून संध्याकाळी गाडी आपल्या चाकांवर परत यावी.

आपल्याकडच्या हौशी रॅलीवाल्यांनी वर्षानुवर्षं ज्या इंजिनांवर भिस्त ठेवली, त्यांत सुझुकीचं हे १३०० सीसीचं इंजिन फार वरचं. जिप्सी किंगमध्ये हेच, एस्टीममध्येही हेच. नेमकं माप १२९८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, आणि ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा, म्हणून वजनाला हलकं. एमपीएफआय जिप्सीत ते ६००० फेऱ्यांना ८० अश्वशक्ती देतं. लष्कराला डोंगरात गस्त घालायला तेवढी पुरते. नाशिकच्या आसपास मातीच्या रस्त्यावर घड्याळाशी झुंजायचं म्हटलं की कमी पडायला लागते.

ताकद वाढवायची म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त पाजायचं, असं आपल्याला वाटतं. पेट्रोल पाजणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. अवघड आहे ती हवा. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. पूर्ण जोर काढायचा असेल तेव्हा मिश्रण थोडं रिच ठेवतात, म्हणजे साडेबारा-तेरा ग्रॅम हवेला एक ग्रॅम. या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये मावते ३२५ सीसी हवा. तिचं वजन जेमतेम ०.४ ग्रॅम. म्हणजे एका स्फोटाला पेट्रोल लागतं सुमारे ३० मिलिग्रॅम, ड्रॉपरमधून पडणाऱ्या पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी! पण ८००० फेऱ्यांना असे स्फोट होतात मिनिटाला १६,०००. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरले तर मिनिटाला ५२०० लिटर हवा आत जाते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा हे इंजिन साडेपाच मिनिटांत पिऊन टाकेल.

म्हणून ताकदीचा सगळा हिशेब हवेशी येऊन थांबतो. पुण्याच्या उंचीवर हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के विरळ आहे, म्हणजे तेवढी अश्वशक्ती गेलीच. हिमालयातल्या रॅलीत पाच हजार मीटरच्या खिंडीवर तर समुद्रसपाटीच्या ६० टक्केच हवा उरते. हवेची किंमत जागतिक रॅलीतल्या बड्या संघांनाही चांगली ठाऊक आहे. तिथे टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरची अरुंद कडी बसवायचा नियम होता. तेवढ्या भोकातून हवा आवाजाच्या वेगापुढे जाऊच शकत नाही, त्यामुळे कितीही शहाणपण केलं तरी ताकदीला आपोआप चाप बसतो. १९९५ साली टोयोटाच्या संघाने ही कडी अशी बनवली, की टर्बोला जोडताना ती गुपचूप मागे सरकायची आणि तिच्या बाजूने चोरून हवा आत शिरायची. तपासणीसाठी खोलली की परत जागेवर. पकडले गेले, गुण गेले, वर्षाची बंदी आली. कारागिरी मात्र अशी, की तपासणारेही चाट पडले.

हौशी माणसाच्या हाती अशी कारस्थानं नसतात, आणि बहुतेक वेळा टर्बोही नसतो. त्याच्या हाती तीनच गोष्टी: आलेली हवा जास्त दाबायची, प्रत्येक वेळी सिलिंडर अधिक भरायचा, आणि मिनिटातले स्फोट वाढवायचे. तिन्हींची किंमत मोजावी लागते.

दाबण्यापासून सुरुवात करू. कॉम्प्रेशन रेशो ९ असेल तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर ४०.६ सीसी जागा उरते. रेशो १०.५ हवा असेल तर ३४.२ सीसी. फरक साडेसहा सीसीचाही नाही. एवढ्यासाठी सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेड, फेसिंगला देऊन त्याचा तळ मिलिमीटरच्या अंशाअंशाने खरवडून घेतात. मग मापणी. हेड उलटं ठेवतात, व्हॉल्व्ह आणि प्लग जागेवर. त्यातल्या पोकळीच्या, म्हणजे चेंबरच्या, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची चकती चिकटवतात, आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल त्या भोकातून सोडतात. बारावीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांना छळणारी तीच ती ब्युरेट. शेवटचा बुडबुडा बाहेर पडला की आकडा वाचायचा. चारही चेंबरांचे आकडे दशांश सीसीपर्यंत जुळेपर्यंत, लहान चेंबर मोठ्यांच्या मापाला येईतोवर घासत, हे चालू राहतं. एकच चेंबर लहान राहिला तर आधी नॉकिंग तिथे होणार.

नॉकिंग म्हणजे काय, हेही ऐकण्यासारखं आहे. स्फोट हा शब्द आपण सैलपणे वापरतो. खरं तर प्लगपाशी पेटलेली ज्योत चेंबरभर सरकत जाते, सेकंदाला काही डझन मीटरांच्या वेगाने. पण दाब आणि उष्णता अति झाली, तर ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपणच पेट घेतं. तो खरा स्फोट. बाहेर टिकटिक ऐकू येते, आत पिस्टनच्या कडा झिजतात, आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा सांगतो ते एवढंच: हे मिश्रण असं आगाऊ पेटायला किती विरोध करतं. जास्त ऑक्टेनमध्ये जास्त ताकद भरलेली नसते. फार तर ते जास्त दाब सोसतं.

आता सिलिंडर अधिक भरण्याची गोष्ट, आणि माझ्या मते साऱ्या इंजिनबांधणीतलं सर्वात मोठं नवल. ८००० फेऱ्यांना इनलेट व्हॉल्व्ह उघडा राहतो तो सुमारे पाच मिलिसेकंद. एवढ्या वेळात ३२५ सीसीच्या जागेत ३२५ सीसीपेक्षा जास्त हवा भरता येते, कुठलाही पंप न लावता. ती कशी? एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपातून बाहेर धावते. पाइप जिथे दुसऱ्या पाइपाला मिळतो किंवा उघड्यावर संपतो, तिथून ती उलटते, आणि उलटताना दाबाच्या जागी ओढ घेऊन येते. पाइपाची लांबी अशी ठेवायची, की ही ओढ नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असण्याच्या क्षणी परत पोचावी. मग ती उरलासुरला धूर बाहेर ओढते आणि पिस्टन खाली निघायच्या आधीच ताजी हवा आत खेचायला लागते. बासरीवर भोकं कुठे पाडायची हे जसं सुरावरून ठरतं, तसं इथे पाइप कुठे जोडायचा हे फेऱ्यांवरून ठरतं. आत येणाऱ्या हवेलाही वेग असतो; पिस्टन वर वळला तरी ती मागचा पुढचा विचार न करता आत घुसतच राहते. म्हणून व्हॉल्व्हची उघडझाप करणारा कॅमशाफ्ट असा घासून घेतात, की इनलेट व्हॉल्व्ह थोडा उशिराच मिटावा.

सगळं जुळलं तर बहार, पण जुळतं ते ठरावीक फेऱ्यांपुरतंच. खाली, तीन हजारांवर, हवेला तेवढा वेग नसतो. उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून आलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं, आणि इंजिन धापा टाकतं. ट्रॅकवर फिरणाऱ्या गाडीला हे चालतं, कारण ती फारशी खाली येतच नाही. रॅलीवाला मात्र घाटातल्या आंधळ्या वळणावरून, खडीवर घसरत, दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांवर बाहेर पडतो आणि त्याला तिथूनच ओढ हवी असते. म्हणून जाणता बांधणारा मोठा कॅम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बसवून समजावतो. वरच्या टोकाला दहा अश्वशक्ती सोडल्या आणि मधल्या फेऱ्यांत भरीव ओढ मिळवली, तर घड्याळावर फायदाच होतो. ताकद मोजणाऱ्या डायनोच्या कागदावरचा मोठा आकडा मित्रांना दाखवायला बरा.

तिसरा मार्ग फेरे वाढवण्याचा, आणि खर्चाची खरी मेख इथे आहे. फेरे ६००० वरून ८००० झाले, म्हणजे वाढ एक तृतीयांशच. पण रॉडवरचा हिसका वर्गाच्या पटीत वाढतो. तो होतो पावणेदोन पट. त्यामुळे फोर्ज केलेले रॉड, फोर्ज केलेले पिस्टन, जाड स्प्रिंगा हे सगळं ओघाने येतं. स्प्रिंग कमी पडली तर व्हॉल्व्ह कॅमच्या मागे राहतो आणि पिस्टन येऊन त्याला भेटतो. ही भेट टाळण्यासाठी जोडणीच्या वेळी पिस्टनवर प्लॅस्टिसिनचा, म्हणजे मुलांच्या खेळातल्या चिकणमातीचा, पातळ थर देतात, हेड बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि परत खोलतात. मातीत व्हॉल्व्हचा ठसा उमटलेला असतो. तो ब्लेडने कापून उरलेल्या थराची जाडी मोजायची. दीड-दोन मिलिमीटर मिळाली तर पुढे जायचं.

रॉडचे बोल्ट आवळणं हेही निव्वळ आवळणं नसतं. चांगला बोल्ट आवळताना मिलिमीटरच्या अंशाने लांबतो, आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा आखडून धरतो. त्याची ही ओढ पिस्टनच्या हिसक्यापेक्षा जास्त असली, की फटीला जागाच राहत नाही. आणि ज्या बेअरिंगवर हे सगळं तोललेलं असतं, त्याला चालू इंजिनात क्रँक टेकतच नाही! मधे तेलाचा थर असतो, काही मायक्रॉनचा. फिरणारी क्रँक स्वतःच तेल ओढून ही गादी तयार करते.

रॅलीत नेमकी हीच गादी धोक्यात येते. लांब वळणावर इंजिनाच्या तळाशी असलेल्या संपमधलं तेल एका बाजूला चढतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते, आणि सेकंदभरात बेअरिंग जळतं. उपाय साधा: संपमध्ये पत्र्याचे अडसर. दुसरी वैरीण धूळ. फिल्टरच्या रबराला बोटभर फट राहिली तर एका दिवसात नव्या रिंगा घासून निघतात. लाख रुपयांच्या कामाची माती करायला शे-दोनशे रुपयांचा क्लॅम्प पुरतो.

टिकाऊपणासाठी ताकद सोडणं मोठ्या संघांनाही कळतं. १९७० च्या लंडन–मेक्सिको रॅलीत, सुमारे २६,००० किलोमीटरच्या शर्यतीत, फोर्डकडे एस्कॉर्टसाठी दुहेरी कॅमशाफ्टची आधुनिक इंजिनं तयार होती. त्यांनी ती घरी ठेवली आणि जुन्या धाटणीचं पुशरॉडचं इंजिन १८५० सीसीपर्यंत वाढवून बसवलं, कारण ते वाटेत कुठेही, कुणालाही दुरुस्त करता आलं असतं. हानू मिकोला आणि गुनार पाम त्याच गाडीत जिंकले.

तुम्हाला हे करून बघायचंच असेल, तर आधी तुमच्या गटाची नियमावली वाचा. बऱ्याच गटांत कॅम आणि पिस्टन बदलायला मुळात परवानगीच नसते. असं बांधलेलं इंजिन रोजच्या गाडीत घालून रस्त्यावर आणू नका, आरटीओच्या मंजुरीशिवाय ते बेकायदा आहे. आणि एवढं सगळं करायचं नसेल, तर जवळ रॅली येईल तेव्हा स्टेजच्या कडेला धूळ खात उभं राहण्याऐवजी सर्व्हिस पार्कमध्ये जा. बॉनेट उघडलं, की मेकॅनिक आधी कशाला हात लावतो ते बघा. बहुतेक वेळा तो एअर फिल्टर असतो.