'एक म्हातारी' आणि 'ती म्हातारी'

इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत तांबड्या शाईच्या खुणा सर्वांत जास्त कोठे होतात, असे विचारले तर वर्गातील बहुतेकांचे उत्तर एकच येईल : उपपदांपाशी. काळ जमतो, क्रियापद जमते. पण 'अ', 'ॲन' आणि 'द' हे तीन इवलेसे शब्द कोठे घालावेत व कोठे गाळावेत, हे काही केल्या उमगत नाही. मग काही जण भाजीत मीठ टाकावे तसे ते अंदाजाने टाकतात, तर काही जण त्यांच्या वाटेलाच जात नाहीत. ज्यांच्या घरात इंग्रजी अक्षर प्रथम आपल्याबरोबरच आले, अशा आम्हा विद्यार्थ्यांना तर वाटते की, ही जाण जन्मानेच मिळत असावी. तसे नाही, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे. उपपदांमागचा विचार आपण मराठीत रोज करतो.

आजीची गोष्ट आठवून पाहा. "एका गावात एक म्हातारी राहत होती. त्या म्हातारीला एक लेक होती." पहिल्या वाक्यात म्हातारी ऐकणाऱ्याला अनोळखी आहे, म्हणून 'एक'. दुसऱ्या वाक्यात ती ओळखीची झाली, म्हणून 'त्या'. आजीने आरंभीच "त्या म्हातारीला" म्हटले असते, तर नातवंडांनी लगेच विचारले असते, "कोणत्या?" इंग्रजीत पहिल्या वेळी 'ॲन ओल्ड वुमन' आणि दुसऱ्या वेळी 'द ओल्ड वुमन' म्हणतात, ते याच कारणाने. 'ॲन' हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतील 'एक' या संख्यावाचकातून आला आणि 'द' हा 'तो, ती, ते' अशा दर्शक शब्दातून. म्हणजे आजी आणि इंग्रज एकाच वाटेने गेले!

मराठी हा भेद प्रत्ययानेही दाखविते. "तो मुलगी शोधतोय" म्हटले की घरात लग्नाची बोलणी चालू आहेत, हे आपण ओळखतो. मुलगी अजून ठरलेली नाही. पण "तो मुलीला शोधतोय" म्हटले की जत्रेत कोणाची तरी लेक चुकली असावी, अशी काळजी वाटते. केवळ एका 'ला'ने केवढा फरक पडला! इंग्रजीत पहिल्या वाक्यात 'अ गर्ल' येईल, दुसऱ्यात 'द गर्ल'.

मग अडते कोठे? मराठीत हा भेद पुष्कळदा न बोलताही चालतो. इंग्रजीत तो बोलावाच लागतो. "माझे वडील शेतकरी आहेत" या वाक्यात 'एक' घातला तर कानाला खटकते, म्हणून आपण 'माय फादर इज फार्मर' लिहून मोकळे होतो. परंतु मोजता येणारे एकवचनी सामान्यनाम इंग्रजीत सहसा उघडे राहत नाही. तेथे 'अ फार्मर'च हवे. उलट अर्जात 'आय ॲम द स्टुडंट ऑफ युवर कॉलेज' असे लिहिले, तर त्याचा अर्थ होतो की, प्राचार्यसाहेब, आपल्या महाविद्यालयात मी एकटाच विद्यार्थी आहे! तेथे 'अ स्टुडंट' पाहिजे.

'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून नव्हे, उच्चारावरून ठरते. येथे देवनागरी आपल्या मदतीला येते. शब्द देवनागरीत लिहावा. आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ'. म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'ॲन एम. ए.', पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ वन-वे रोड', 'अ बी. ए.'. फक्त वर्ष या अर्थाच्या शब्दाला जपावे. आपण 'इयर' लिहितो, पण त्याचा मूळ उच्चार 'य'ने सुरू होतो. म्हणून 'अ इयर'च बरोबर.

काही ठिकाणी उपपदाने अर्थच फिरतो. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मला फारसे मित्र नाहीत, ही तक्रार झाली. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे चार मित्र आहेत, हे समाधान. मुलगा शिकायला जातो तेव्हा तो 'टू स्कूल' जातो. त्याचे वडील गुरुजींना भेटायला जातात तेव्हा ते 'टू द स्कूल' जातात. आणि काही गोष्टी निव्वळ रूढीच्या आहेत, त्या पाठच कराव्या लागतात : नदी 'द गोदावरी', पर्वतरांग 'द हिमालयाज', पण कळसूबाईच्या एकट्या शिखराला उपपद नाही.

रूढीचा भाग सोडला, तर लिहिताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे वाचणारा 'कोणता?' असे विचारील काय? एखाद्या अनोळखी गोष्टीचा प्रथमच उल्लेख करीत असू, तर 'अ' किंवा 'ॲन'. कोणता ते त्याला आधीच ठाऊक असेल, तर 'द'. 'शट द डोअर' म्हणताना दाराची आधी ओळख करून द्यावी लागत नाही, कारण उघडे दार दोघांच्याही समोर असते.

इंग्रजी भाषा आपल्या घरात नव्हती हे खरे. पण ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचे भान ठेवून बोलणारी माणसे आपल्या घरात होती. उपपदांचा अभ्यास तेथूनच सुरू करता येतो.

(द्वितीय वर्ष, कला)