चार तारांवरचे दुःख : मेक्सिकोच्या सिल्वाना एस्त्रादा यांचा उदय

लास वेगास येथे १७ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या लॅटिन ग्रॅमी सोहळ्यात ‘सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार’ या एकाच पुरस्कारासाठी दोन नावे पुकारण्यात आली. त्यांतील एक नवोदित गायिका ९५ वर्षांची होती. क्यूबात जन्मलेल्या अँजेला अल्वारेझ यांना तरुणपणी वडिलांनी व्यावसायिक गायनाची परवानगी नाकारली होती. आयुष्यभर घरच्यांपुरती गाणी रचणाऱ्या या आजींचा पहिला ध्वनिसंग्रह नातवाच्या खटपटीने २०२१ मध्ये निघाला. दुसरी विजेती २५ वर्षांची होती. तिचे नाव सिल्वाना एस्त्रादा आणि तिचे गाव मेक्सिकोच्या वेराक्रुझ प्रांतातील कोआतेपेक.

त्या रात्रीच्या बातम्यांत साहजिकच आजींना अधिक जागा मिळाली. मात्र एस्त्रादा यांचे यशही कमी कुतूहलाचे नाही. नृत्याचा ठेका, विद्युत वाद्यांचा गजर आणि दृश्यांचा झगमगाट यांवर चालणाऱ्या बाजारात एक तरुणी गिटारहून लहान चार तारांचे वाद्य घेऊन संथ, बहुतांशी दुःखाची गाणी गाते आणि श्रोते ती ऐकायला येतात. हे कसे घडले, याचे उत्तर प्रतिभेइतकेच तिच्या प्रदेशातही आहे.

कोआतेपेक हे वेराक्रुझची राजधानी हालापापासून जवळ, डोंगरउतारावर वसलेले कॉफीचे गाव आहे. नावाचा मूळ नाहुआत्ल भाषेतील अर्थ ‘सापांची टेकडी’. १५ एप्रिल १९९७ रोजी जन्मलेल्या एस्त्रादा यांचे आईवडील दोघेही तंतुवाद्यांचे कारागीर. लाकूड तासणे, तार चढवणे, जुळवणे, पुन्हा उतरवणे हे त्या घरातले रोजचे काम होते. वाद्य ही मंचावर मिरवण्याची वस्तू होण्याआधी दुरुस्तीला आलेली वस्तू असते, ही जाणीव अशा घरातील मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही.

घराबाहेर होते ‘सोन हारोचो’. वेराक्रुझच्या किनारपट्टीवरील ही लोकसंगीताची शैली. स्पॅनिश वसाहतवाद्यांची तंतुवाद्ये आणि काव्यप्रकार, गुलाम म्हणून आणल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांची लय आणि मूळ रहिवाशांचे संस्कार यांच्या मिश्रणातून ती घडली. तिचे मुख्य वाद्य ‘हाराना’ हे लहान गिटारसारखे असून त्याचा सांगाडा परंपरेने लाकडाच्या एकाच ओंडक्यातून कोरला जातो. जोडीला गायीच्या शिंगाच्या लांब पट्टीने छेडले जाणारे ‘रेकिंतो’ असते आणि ‘किहादा’ही असते. किहादा म्हणजे गाढवाचा वाळलेला जबडा. त्यावर हाताने आघात केला की सैल दात खडखडतात. या संगीताचा मेळावा म्हणजे ‘फांदांगो’. मध्यभागी ‘तारिमा’ नावाचा लाकडी चौथरा मांडतात. त्यावर नाचणाऱ्यांच्या टाचांचा आवाज हेच तालवाद्य. भोवती वादकांचे कडे असते. एकाने कडवे म्हणायचे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, असा सवाल-जवाब अनेकदा पहाटेपर्यंत चालतो. येथे गाणारा आणि ऐकणारा यांच्यातील रेषा फार पुसट असते.

सत्ताधाऱ्यांना हे संगीत नेहमीच रुचले असे नाही. १७६६ मध्ये स्पॅनिश धर्मन्यायालयाने वेराक्रुझमधील ‘चुचुंबे’ या गीतनृत्यावर अश्लील आणि धर्मनिंदक म्हणून बंदी घातली होती. पुढे याच परंपरेतील ‘ला बांबा’ हे गाणे रिची व्हॅलेन्स या तरुण अमेरिकी गायकाने १९५८ मध्ये रॉक शैलीत गायले आणि ते जगभर पोहोचले. ते कोठून आले, हे मात्र फार थोड्या श्रोत्यांना ठाऊक होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर सोन हारोचो चित्रपटांतील देखावा आणि उपाहारगृहांतील करमणूक एवढ्यापुरते आक्रसत चालले होते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोनो ब्लांको’ या गटाने खेड्यांतील वृद्ध वादकांकडे जाऊन ते पुन्हा शिकण्यास सुरुवात केली. वाद्ये घडवण्याचे आणि मुलांना शिकवण्याचे वर्ग सुरू झाले, विझत आलेले फांदांगो पुन्हा भरू लागले. पुढच्या पिढीतील ‘सोन दे मादेरा’ हा गट तर हालापाचाच. एस्त्रादा यांच्या जन्मापूर्वी वीस वर्षे सुरू झालेल्या या खटपटीमुळेच त्यांच्या बालपणी ही परंपरा केवळ संग्रहालयातील वस्तू उरली नव्हती.

याच परिसरात वाढलेल्या नातालिया लाफोर्काद यांनी आणखी एक वाट मोकळी केली. पॉप गायिका म्हणून नाव मिळवल्यानंतर त्या पारंपरिक संगीताकडे वळल्या. सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात हानी झालेल्या हाल्तिपान येथील सोन हारोचो प्रलेखन केंद्राच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी ‘उन कान्तो पोर मेक्सिको’ हा प्रकल्प हाती घेतला. त्याच्या पहिल्या भागाला २०२० मध्ये लॅटिन ग्रॅमीत वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिसंग्रहाचा मान मिळाला. लोकसंगीताची पाळेमुळे जपणारी गायिका मोठ्या व्यासपीठावर सर्वोच्च स्थानी पोहोचू शकते, हे तरुणांना प्रत्यक्ष दिसले.

तरीही एस्त्रादा यांना सोन हारोचोची गायिका म्हणणे अचूक ठरणार नाही. त्यांनी हालापा येथील वेराक्रुझ विद्यापीठात जॅझचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली आणि ते अर्धवट सोडले. बिली हॉलिडे आणि सारा व्हॉन यांच्या गायकीचा अभ्यास मात्र सुटला नाही. सुराला ठरल्या जागेच्या किंचित मागे ठेवून मग पकडण्याची त्यांची सवय तेथूनच आली असावी. २०१७ मध्ये अमेरिकी गिटारवादक चार्ली हंटर यांच्यासह त्यांचा ‘लो साग्रादो’ हा ध्वनिसंग्रह आला, तेव्हा त्या जेमतेम वीस वर्षांच्या होत्या. त्यानंतर मेक्सिको सिटी हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

त्यांच्या हातातील वाद्यही मेक्सिकोचे नाही. ते आहे व्हेनेझुएलाचे ‘क्वात्रो’. क्वात्रो म्हणजे चार. किशोरवयात घरच्या वाद्यांमध्ये ते त्यांच्या हाती लागले आणि मग सुटले नाही. गिटारच्या सहा तारा खर्जाकडून वरच्या स्वरांकडे क्रमाने चढत जातात. क्वात्रोच्या पहिल्या तीन तारा चढतात आणि चौथी पुन्हा खाली उतरते. व्हेनेझुएलातील मुले या चार तारांचे सूर ‘कांबुर पिन्तोन’ या चार अक्षरांवर गुणगुणून लक्षात ठेवतात. त्याचा अर्थ ‘पिकत आलेले केळे’. या रचनेमुळे वाद्याला खर्ज जवळपास नाहीच. त्याचे सगळे स्वर मधल्या पट्टीत दाटीवाटीने बसतात. मायदेशी ते जलद ठेक्यासाठी झपाट्याने वाजवले जाते. एस्त्रादा मात्र बहुतेक वेळा एकेक तार बोटांनी छेडतात. खाली आधाराला खर्ज नाही, मागे ताल नाही, अशा पोकळीत आवाजाला लपायला जागा उरत नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो, सूर थरथरला तर तोही ऐकू येतो. त्यांच्या गाण्यातील जवळिकीचे श्रेय अनेक जण शब्दांना देतात. त्यात वाद्याचा वाटा मोठा आहे.

स्वतः रचून स्वतः गाणाऱ्या स्त्रीला स्पॅनिशमध्ये ‘कांताउतोरा’ म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत हा शब्द बराच इतिहास वागवतो. चिलीच्या व्हिओलेता पारा यांनी खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा केली आणि त्याच मातीतून नवी गाणी घडवली. अर्जेंटिनाच्या मर्सेदेस सोसा यांना लष्करी राजवटीमुळे देश सोडावा लागला. कोस्टा रिकात जन्मून मेक्सिकोच्या झालेल्या चावेला वार्गास यांनी पुरुषांची मक्तेदारी मानल्या गेलेल्या ‘रांचेरा’ गीतांतला मारियाचीचा सगळा डामडौल काढून टाकला आणि गिटारच्या साथीने ती गायली. एस्त्रादा यांच्या गाण्यात या परंपरेचा ठसा स्पष्ट जाणवतो. या परंपरेत हृदयभंगाचे गाणे आणि अन्यायाचे गाणे वेगळ्या कप्प्यांत ठेवले जात नाही.

जानेवारी २०२२ मध्ये ग्लासनोट या अमेरिकी कंपनीने ‘मार्चिता’ हा एस्त्रादा यांचा ध्वनिसंग्रह प्रकाशित केला. शीर्षकाचा अर्थ ‘कोमेजलेली’. पहिल्या प्रेमाच्या अंतानंतरची ही गाणी आहेत. निर्माते गुस्तावो गेरेरो यांनी साथसंगत हेतुपुरस्सर विरळ ठेवली.

त्यानंतर दोन महिन्यांतच ‘सी मे मातान’ हे गीत आले. अर्थ : ‘मला ठार केले तर’. या शब्दांना पूर्वइतिहास होता. मे २०१७ मध्ये मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या आवारात एका तरुणीचा मृतदेह आढळला. शहराच्या अभियोक्ता कार्यालयाने समाजमाध्यमावर माहिती देताना तिचे अर्धवट सोडलेले शिक्षण आणि मद्यपान यांचा उल्लेख केला. संतापलेल्या हजारो स्त्रियांनी ‘मला ठार केले तर’ अशी सुरुवात करून, आपल्या मृत्यूनंतर आपल्याही चारित्र्याचा असाच पंचनामा होईल का, असा प्रश्न विचारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुएब्ला येथे रात्री ॲपवरून टॅक्सी मागवून घरी निघालेल्या १९ वर्षीय विद्यार्थिनीची हत्या झाली. ती मूळची हालापाची होती. एस्त्रादा यांचे गीत या घटनेच्या वेदनेतून जन्मले. त्यात घोषणा नाही. आपण मारले गेलो तर मागे राहिलेल्यांनी आपल्याला कशी म्हणून आठवावे, हे गाणारी जिवंतपणीच सांगून ठेवते. मृत स्त्रीची ओळख ठरवण्याचा अधिकार ती चौकशी अधिकाऱ्याच्या हातून काढून घेते.

मेक्सिकोत दररोज सरासरी सुमारे १० स्त्रियांची हत्या होते. स्त्री असल्याच्या कारणाने केलेली हत्या हा स्वतंत्र गुन्हा म्हणून २०१२ मध्ये संघीय दंडसंहितेत समाविष्ट झाला, तरी प्रत्यक्षात यांतील थोड्याच प्रकरणांची नोंद त्या कलमाखाली होते. या विषयावर गाणाऱ्या एस्त्रादा एकट्या नाहीत. ७ मार्च २०२० रोजी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात विविर किंताना यांचे ‘कान्सिओन सिन मिएदो’, म्हणजे ‘निर्भय गीत’, प्रथम मोठ्या जनसमुदायापुढे गायले गेले आणि अल्पावधीत अनेक देशांतील मोर्चांचे गीत झाले. ते समूहाने गाण्यासाठी रचलेले आहे. एस्त्रादा यांचे गीत एकटीचे आहे आणि ते ऐकताना गप्प बसावे लागते.

या काळात मेक्सिकोच्या संगीताची जगभर चर्चा झाली ती प्रामुख्याने वेगळ्या कारणासाठी. २०२३ मध्ये एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा यांचे ‘एया बायला सोला’ हे अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत पहिल्या दहांत पोहोचणारे मेक्सिकन प्रादेशिक शैलीतील पहिले गीत ठरले. त्या प्रवाहाच्या आकड्यांशी एस्त्रादा यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यांचा श्रोतृवर्ग लहान आहे, पण तो सभागृहात तिकीट काढून येतो आणि मेक्सिकोबाहेर, स्पॅनिश न समजणाऱ्यांतही आहे.

लॅटिन ग्रॅमीच्या त्या रात्रीनंतर डिसेंबरमध्ये मेक्सिको सिटीत एस्त्रादा यांच्या निकटच्या मित्राची, त्याच्या भावाची आणि काकांची हत्या झाली. ज्या हिंसेवर त्यांनी गीत रचले होते, ती आता त्यांच्या जवळच्या वर्तुळात शिरली होती. पुढचा मोठा ध्वनिसंग्रह येण्यास जवळपास पावणेचार वर्षांचे अंतर पडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आला, ‘वेन्द्रान सुआवेस युविआस’ या नावाने. अर्थ ‘मृदू सरी येतील’. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात, १९१८ मध्ये, अमेरिकी कवयित्री सारा टिझडेल यांनी याच नावाची कविता लिहिली होती. माणसांच्या युद्धाची निसर्गाला खबरही नसेल, असा तिचा आशय आहे. या वेळी निर्मितीची सूत्रे एस्त्रादा यांनी स्वतःच्या हाती ठेवली. ‘मार्चिता’तील पोकळी काही ठिकाणी वाद्यवृंदाने भरली आहे. क्वात्रो मात्र आहे तेथेच आहे.