परमवीर राणे : रणांगण आणि संसार

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील पराक्रमाबद्दल ज्या पाच वीरांना परमवीर चक्र मिळाले, त्यांपैकी तिघांच्या घरी केवळ पदक पोचले. लान्स नायक करम सिंग आणि सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे हे दोघेच हयात होते, आणि म्हणूनच राण्यांचे स्मरण करताना एप्रिल १९४८ मधल्या चार दिवसांपाशीच थांबणे मला अन्यायाचे वाटते.

कारवारजवळच्या चेंडिया गावच्या एका कुटुंबात २६ जून १९१८ रोजी ते जन्मले. वडील पोलीस खात्यात शिपाई, त्यामुळे बदलीबरोबर शाळाही बदलत असे. १९३० च्या सुमारास राष्ट्रीय आंदोलनाने मुलगा असा काही भारून गेला, की सरकारी चाकरीतल्या त्या पित्याने धास्तावून सगळा संसार पुन्हा गावी आणला. पुढे जुलै १९४० मध्ये राणे बॉम्बे इंजिनियर्समध्ये, म्हणजे खडकीच्या सफरमैना पलटणीत, दाखल झाले आणि ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले.

सफरमैनांचे शौर्य सामान्य वाचकाच्या नजरेस सहसा पडत नाही. पायदळाने ठाणे जिंकले तरी पाठीमागून रणगाडे, तोफा आणि रसद येण्यास रस्ता मोकळा व्हावा लागतो; आणि ज्या रस्त्यात शत्रूने सुरुंग पेरून ठेवले आहेत, झाडे आडवी पाडली आहेत, तो मोकळा करणाराला गोळीस गोळीने उत्तर देण्याचीही सवड नसते, कारण त्याचे दोन्ही हात मातीत गुंतलेले असतात.

नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या फौजेपुढे नेमका हाच प्रसंग उभा राहिला. ८ एप्रिल रोजी डोगरा पलटणीने बारवालीची टेकडी घेतली. परंतु पुढची वाट बंद होती. राण्यांच्या तुकडीने सुरुंग काढण्यास आरंभ करताच उखळी तोफांच्या माऱ्यात दोघे ठार आणि पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. जखम बांधून ते पुन्हा कामाला लागले. पुढे मारा इतका तीव्र झाला, की रस्त्यावर उघड्याने वावरणे अशक्य होऊन बसले. तेव्हा त्यांनी जी युक्ती योजली, ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. आघाडीच्या रणगाड्याखाली शिरून, दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्यांच्या मधोमध पोटावर सरपटत, ते जमीन तपासू लागले, आणि दोरीला हिसका देऊन वर बसलेल्या चालकास ‘थांब’ नि ‘चल’ अशा खुणा करू लागले. एखादा सुरुंग नजरेतून निसटला असता अथवा चालकाने खूण ओळखण्यात चूक केली असती, तर काय झाले असते हे सांगणे नलगे. वाटेत चिडाची प्रचंड झाडे आडवी पाडलेली होती. तीही स्फोटाने उडवून ११ एप्रिलला मोगली सराईचे चिंगास आणि दुसऱ्या दिवशी राजौरी फौजेने गाठली.

सरकारी दप्तरात या कामगिरीची नोंद तपशीलवार आहे; त्यानंतरच्या सेहेचाळीस वर्षांची मात्र नाही. पस्तिशी उलटल्यावर, १९५५ साली, राण्यांनी विवाह केला; तीन पुत्र आणि एक कन्या यांचे ते पिता झाले. बदल्यांच्या नोकरीत संसार चालवणे म्हणजे काय, हे पोलिसाच्या या मुलाने बालपणीच पाहिले होते, आणि मेजर म्हणून १९६८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी लष्कराची चाकरी आणि प्रपंच ही दोन्ही कर्तव्ये बरोबरीने वाहिली. माझ्या मते ही वर्षे पराक्रमाची पुरवणी नव्हेत. त्या माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग हाच होय, आणि चरित्रकारांनी त्याची उपेक्षा करू नये.

११ जुलै १९९४ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा २००६ साली उभा राहिला; परंतु शिपिंग कॉर्पोरेशनच्या तेलवाहू जहाजाला १९८४ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, ते त्यांच्या हयातीत, आणि तो सन्मान त्यांना मुलाबाळांसह पाहता आला, याचे मला फार समाधान वाटते.