शरीरपरिचय : लेखांक सातवा – सजीव अस्थी

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात प्रेतपरीक्षेचा जो विधी सांगितला आहे, तो आजच्या वाचकानेही सावकाश वाचावा असा आहे. सर्व अवयव शाबूत असलेले प्रेत मुंज, कुश, ताग अशा एखाद्या द्रव्याने वेष्टून, पिंजऱ्यात घालून, निर्जन स्थळी वाहत्या नदीत ठेवावे. सात रात्री लोटल्यावर ते बाहेर काढावे आणि वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंच्याने हळूहळू घाशीत, त्वचेपासून आरंभ करून, आतले एकेक अंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असा तो विधी. शास्त्र वाचले एवढ्याने शल्यवैद्य सिद्ध होत नाही, त्याने प्रत्यक्षही पाहिले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. सुश्रुताने शरीरातील अस्थी तीनशे मानल्या, चरकाने तीनशे साठ. आजचे शास्त्र प्रौढ माणसाच्या अस्थी २०६ मोजते. या तफावतीचे पुष्कळसे कारण मोजणीच्या पद्धतीत आहे, कारण आपल्या प्राचीन आचार्यांनी दातांचा आणि, सुश्रुताच्या बाबतीत, कोवळ्या कूर्चांचाही समावेश अस्थींतच केला होता. शिवाय ही संख्या एकाच माणसाच्या आयुष्यातही स्थिर नसते. नवजात अर्भकाच्या शरीरात पावणेतीनशेच्या आसपास सुटी हाडे असतात आणि वाढीच्या काळात त्यांतील कित्येक एकमेकांशी सांधली जातात. प्रौढाच्या २०६ पैकी १०६ हाडे केवळ दोन हातांचे पंजे व दोन पावले यांतच आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे माणसाच्या हस्तकौशल्याचे आणि दोन पायांवरील चालीचे मर्म अर्धेअधिक उलगडते.

परंतु संख्येचा हा विषय इथेच सोडून देतो. कारण अस्थिपंजर शाळेच्या कपाटात टांगलेला पाहून आपल्या मनात जो समज रुजतो, की हाड म्हणजे शरीरातील कोरडा, निर्जीव भाग, तो दूर करणे अधिक अगत्याचे आहे. जिवंत हाड ओले असते, त्याला गुलाबी झाक असते, त्यावर वेदना जाणणारे पातळ आवरण असते आणि कापले असता त्यातून रक्त येते. क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज वैद्याने १६९१ साली हाडांवरील आपल्या ग्रंथात ज्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले, त्या नलिकांतूनच रक्तवाहिन्या टणक हाडाच्या अंतर्भागापर्यंत पोहोचतात, आणि प्रत्येक नलिकेभोवती हाडाचे थर वर्तुळाकार रचलेले असतात.

हाडाच्या बळाचे रहस्य दोन द्रव्यांच्या मिलाफात आहे, आणि ते घरच्या घरी पाहता येते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवले, तर त्यातील चुन्याचे क्षार विरघळून जातात. हाडाचा आकार तोच राहतो, पण ते बोटांनी वाकवता येते. उलट तसेच दुसरे हाड विस्तवात पुरते जाळले, तर आतील चिवट तंतू नाहीसे होतात, आकार याही वेळी टिकतो, पण चिमटीत धरताच त्याचा चुरा होतो. वजनाच्या हिशेबाने हाडाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग क्षारांचा असतो; दाब सोसण्याचे काम क्षारांकडे आणि ताण सोसण्याचे तंतूंकडे असते.

या द्रव्यांची मांडणीही तितकीच विचार करण्याजोगी आहे. १८६६ च्या सुमारास झुरिक येथे हेरमान फॉन मायर या शारीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद केला असता, खुब्याकडील टोकात जी जाळीदार रचना असते तिच्यातील बारीक कमानी कार्ल कुलमन या स्थापत्यविशारदाच्या नजरेस पडल्या. आणि भार उचलणाऱ्या यारीत दाबाच्या व ताणाच्या ज्या रेषा गणिताने काढता येतात, त्याच दिशांनी या कमानी गेल्या आहेत, हे त्याने तत्काळ ओळखले. पुढे १८९२ साली बर्लिनच्या युलियुस वोल्फ याने प्रतिपादन केले की, हाडावर पडणारा भार बदलला म्हणजे हाडाची रचनाही त्याला अनुसरून बदलते. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड होते, आणि दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची हाडे पातळ होतात, ती या नियमानेच.

ही अखंड फेररचना करणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या आहेत. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवून खळगा करतात. मागाहून अस्थिजनक पेशी येऊन तो खळगा नव्या हाडाने भरून काढतात. खणण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याला मात्र काही महिने लागतात. प्रौढ माणसाच्या अस्थिसंस्थेचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होत असतो.

या खटाटोपामागे दुसरेही एक मोठे प्रयोजन आहे. शरीरातील सुमारे एक किलो कॅल्शियमपैकी ९९ टक्के हाडांत साठवलेले असते. म्हणजे अस्थिसंस्था हा शरीराचा खजिनाच होय. हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि रक्ताचे गोठणे या सर्वांना रक्तात कॅल्शियमचे ठरावीक प्रमाण लागते; ते घटू लागताच गळ्यातील चार चिमुकल्या परावटू ग्रंथींचा हुकूम सुटतो आणि खजिन्यातून उचल होते. ही उचल कधी नाकारली जात नाही; आहारातून भरणा झाला नाही तर हाड झिजते, पण रक्ताची शिल्लक राखली जाते. भरणा होण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाने शरीरात तयार होते. म्हणूनच इंग्लंडच्या धुराने काळवंडलेल्या कारखानदारी शहरांत मुलांना मुडदूस होई आणि त्यांचे पाय धनुष्याकृती वाकत. आपल्याकडे शंभर ग्रॅम नाचणीत तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. तिला गरिबाचे धान्य म्हणून ताटाबाहेर ठेवणे हा आपल्या घरांत चालत आलेला अन्याय आहे, असे मी म्हणेन. विशेषतः स्त्रियांनी याकडे लक्ष द्यावे, कारण रजोनिवृत्तीनंतर हाडाची झीज वेगाने होते, आणि तिशीपर्यंत जी बेगमी झाली असेल तीच पुढे कामी येते.

मोडलेले हाड जुळते तेही याच पेशींच्या बळावर. प्रथम तेथे रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी मऊ कूर्चा धरते, तिचे ओबडधोबड हाड बनते आणि नंतर कित्येक महिने त्याची तासणी चालू राहते. त्वचेच्या जखमेचा वण राहतो. हाड मात्र, नीट जुळले तर, हाडानेच भरून येते. लहान मुलाचे हाड जोडताना किंचित बाक राहिला तरी अनुभवी शल्यवैद्य पुष्कळदा पुन्हा हात घालण्याची घाई करीत नाहीत, वाढत्या हाडाला तो बाक स्वतःच काढण्यासाठी वर्ष-दोन वर्षांची मुदत देतात. हाडात राहिलेला पीळ मात्र असा सहसा निघत नाही. तो जोडतानाच पाहून घ्यावा लागतो.