दूत आधी, सीमा नंतर

अणुस्फोट केलेल्या दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांत तंट्याचे मूळ कायम असतानाही तणाव कसा सैल करता येतो, याचे उदाहरण भारत व चीन यांच्या १९७६ मधील व्यवहारात सापडते. त्या वेळचे भारताचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आजच्या सांगलीतील; कर्मभूमी कऱ्हाड. चिनी आक्रमणामुळेच १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस पाचारण झाले होते, हे येथे ध्यानी घ्यावे.

चीनने १९६४ मध्ये व भारताने १९७४ मध्ये अणुस्फोट केला. ऑक्टोबर १९७५ मध्ये तुलुंग खिंडीत आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले. तरीही एप्रिल १९७६ मध्ये पेकिंगला पुन्हा राजदूत पाठविण्याचा निर्णय चव्हाणांनी संसदेत जाहीर केला आणि के. आर. नारायणन यांची नियुक्ती झाली. सुमारे पंधरा वर्षे तेथील दूतावास कनिष्ठ दर्जाच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या हाती होता. सीमेविषयी मात्र कोणताही करार झाला नाही. निर्णयाचे मर्म नेमके यातच आहे: आधी सीमा, मग दूत, हा क्रम त्याने उलटा केला. १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी पेकिंगला गेले, ते याच वाटेने. व्हिएतनामवरील चिनी स्वारीमुळे तो दौरा त्यांना आटोपता घ्यावा लागला.